नदीकाठचं वाढतं उपनगर: राहायला जाण्याआधी आणि गेल्यानंतर पडणारे प्रश्न

खाली घर शोधणाऱ्यांचे आणि राहायला येऊन काही वर्षं झालेल्यांचे प्रश्न एकत्र केले आहेत. पुराचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि त्यांना जागाही जास्त दिली आहे. बाकीच्या बऱ्याच अडचणी पैशाने किंवा सवयीने निभावतात, चुकीच्या उंचीवरचं घर मात्र उचलून वर ठेवता येत नाही.

नदीपासून किती मीटर लांब घर असलं की निर्धास्त राहता येतं?

मीटर मोजायचेच असतील तर आडवे नकोत, उभे मोजा. काठापासून ५० मीटरवरच्या टेकाडावरचं घर कोरडं राहू शकतं आणि अर्धा किलोमीटर आतलं, खोलगट जागेतलं घर कमरेएवढ्या पाण्यात जाऊ शकतं. पाणी काठ ओलांडूनच येतं असंही नाही. नदी दुथडी भरून वाहू लागली की तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचं पाणी पात्रात शिरत नाही, ते मागे फुगतं. या फुगवट्याने कित्येकदा नदी नजरेलाही पडत नाही अशा गल्ल्या आधी बुडतात. पावसाळी गटारांचंही तेच. ज्या नळातून पाणी नदीत जायचं, त्याच नळातून ते उलटं वर येतं.

तेव्हा तीन उंच्या विचारा: घराच्या जोत्याची, समोरच्या रस्त्याची आणि नोंद असलेल्या सर्वांत मोठ्या पुराची. तिन्ही एकाच संदर्भपातळीपासून, बहुधा समुद्रसपाटीपासून, मोजलेल्या असाव्यात. नाहीतर बिल्डर रस्त्यापासूनची उंची सांगतो, पाटबंधारे खातं समुद्रसपाटीपासूनची, आणि दोन्हींची तुलना करून हाती काहीच लागत नाही.

नदीचं वळणही बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कोरत जातं, आतल्या अंगाला गाळ टाकतं. देखावा नेमका बाहेरच्या काठावरून चांगला दिसतो, ही पंचाईत.

आणि जुनी वस्ती कुठे आहे ते पाहा. ती सगळी एका उंचवट्यावर असेल आणि तुमचा प्रकल्प खालच्या शेतात, तर त्या शेतात इतक्या पिढ्या कुणी घर का बांधलं नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. उत्तर लगेच मिळतं.

‘शंभर वर्षांचा पूर’ शंभर वर्षांतून एकदाच येतो ना?

नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. ३० वर्षांच्या गृहकर्जाचा काळ धरला तर असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता त्याच काळात ७० टक्क्यांपर्यंत जाते.

ही आकडेमोड जुन्या नोंदींवर बेतलेली असते. नोंदी घेतल्या तेव्हा वरच्या अंगाला शेतं होती आणि आता तिथे छपरं आहेत, तर कागदावरचा शंभर वर्षांचा पूर प्रत्यक्षात त्याहून लवकर लवकर येऊ लागतो. पूररेषेचा नकाशा बघताना आधी त्यावरची तारीख वाचा.

वरच्या बाजूला मोठं धरण आहे. मग पुराची काळजी कशाला?

लहान आणि मध्यम पूर धरण अडवतं, हे खरं. मोठ्या पुराच्या वेळी मात्र ते आधीच भरलेलं असेल तर जेवढं येईल तेवढं सोडावं लागतं. पिण्यासाठी आणि शेतीसाठी धरण भरलेलं हवं, पूर झेलण्यासाठी रिकामं हवं. एकाच धरणाकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली की ओढाताण होणारच.

ब्रिस्बेनचं उदाहरण बोलकं आहे. १९७४ साली तिथे नदीची पातळी शहरातल्या मोजपट्टीवर ५.४५ मीटरवर गेली. त्यानंतर १९८०च्या दशकात वरच्या बाजूला वायव्हनहो धरण उभं राहिलं आणि पुराचा प्रश्न मिटला असं पुष्कळांना वाटलं. काठावर बांधकामं वाढत गेली. जानेवारी २०११ मध्ये पाणी ४.४६ मीटरवर आलं, २०२२ मध्ये ३.८५ वर. १९७४ पेक्षा दोन्ही पूर कमीच, पण मधल्या काळात पाण्याच्या वाटेत घरं कितीतरी जास्त झाली होती.

ह्यूस्टनची गोष्ट आणखी विचित्र. १९४०च्या दशकात तिथे अ‍ॅडिक्स आणि बार्कर असे दोन पूररोधक जलाशय बांधले. एरवी ते कोरडेच असतात. पुढे उपनगरं वाढत वाढत त्यांच्या पोटात शिरली. २०१७च्या हार्वी वादळात जलाशय तुडुंब भरले तेव्हा आतली घरं साठलेल्या पाण्यात गेली आणि खालची घरं सोडलेल्या पाण्यात.

धरण फुटणं ही विरळा घटना, पण अशक्य नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा काही तासांत पाण्याखाली गेल्या.

कामाची माहिती अशी: विसर्ग सोडल्यापासून पाणी तुमच्यापर्यंत यायला किती तास लागतात, आणि किती विसर्गाला तुमच्याकडचा कोणता रस्ता बुडतो. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. नुसत्या आकड्यावरून घाबरावं की नाही ते कळत नाही. ‘इतक्याला खालचा पूल जातो’ हे माहीत असलं की कळतं.

काठाला उंच भिंत बांधली आहे. ती पुरेशी नाही का?

ती जेवढ्या पुरासाठी बांधली तेवढ्यापुरती पुरेशी. त्याच्या वर पाणी गेलं तर भिंतीच्या आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. भिंतीच्या आत पडणारा पाऊस हा आणखी वेगळा प्रश्न. तो पंपानेच उपसावा लागतो. त्यामुळे भिंत दाखवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. नाल्यांच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडपं आहेत का? आणि पंपघराची वीज पुरात गेली तर पंप कशावर चालतात?

नेदरलँड्समध्ये १९९५च्या पुराच्या धास्तीने सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. भिंतींवर शतकानुशतकं जगलेल्या त्या देशाने त्यानंतर बऱ्याच ठिकाणी भिंती वाढवण्याऐवजी नदीला जागा परत देण्याचं धोरण घेतलं. नायमेखन शहरासमोरच्या लेंट इथे बांध ३५० मीटर मागे नेला आणि पुरासाठी दुसरा प्रवाह खोदला. त्यासाठी जवळपास ५० घरं पाडली, आणि ती माणसं सुखासुखी गेली नाहीत. त्याच काठावर शहराची नवी वसाहत वाढत होती, तरीही हे केलं.

‘इथे पूर्वी कधी पाणी आलं नव्हतं’ असं सगळे म्हणतात. मग आता का येतं?

सगळ्या प्रश्नांत हा मोलाचा, कारण उत्तर पावसात कमी आणि उपनगराच्या वाढीत जास्त सापडतं.

मोकळ्या, झाडझाडोऱ्याच्या जमिनीवर पाऊस पडला तर बराचसा मुरतो, काही वाफ होऊन जातो आणि ढोबळमानाने दहावा हिस्सा पृष्ठभागावरून वाहतो. तीच जमीन जवळजवळ पूर्ण काँक्रीट-डांबराखाली गेली की निम्म्याहून जास्त पाणी वाहून जातं. शिवाय ते फार लवकर पोचतं. पूर्वी ओढ्याला फुगायला अर्धा दिवस लागत असेल तर आता तो तासा-दोन तासांत फुगतो.

दुसरं कारण नाले. वाढत्या उपनगरात नाल्याला कुणी वाली नसतो. कुठे त्याच्यावर स्लॅब पडतो, कुठे प्लॉट चौकोनी करण्यासाठी त्याला काटकोनात वळवतात, कुठे त्याच्या जागी दोन नळ टाकून वरून रस्ता नेतात. नळ स्वच्छ असतात तोवर ठीक. त्यांच्या तोंडाशी एक गादी आणि चार फांद्या अडकल्या की झालं.

तिसरं कारण शेजारी. नवा प्रकल्प भराव टाकून स्वतःचं जोतं मीटरभर उंच करतो. तो सुरक्षित होतो, पण त्या जागेवर पूर्वी पसरणारं पाणी बाजूच्या जुन्या इमारतीत जातं. दर डांबरीकरणात रस्ताही थोडा थोडा वर चढतो. वीस वर्षांपूर्वी रस्त्याहून तीन पायऱ्या उंच असलेली इमारत आज दोन पायऱ्या खाली असते, आणि इमारत जागची हललेलीही नसते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात कोणतंही शहर बुडालं असतं. पण मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आधीच आवळलं गेलं होतं, त्यामुळे पाण्याला निघायला वाट अपुरी पडली.

थोडक्यात, ‘पूर्वी आलं नव्हतं’ हे विधान खरं असूनही निरुपयोगी असू शकतं. ते दुसऱ्याच उपनगराबद्दलचं असतं.

जमीन भरावाची आहे हे कसं ओळखायचं? आणि त्याने काय फरक पडतो?

जुनी उपग्रहचित्रं पाहा. वर्षं मागे सरकवत नेली की दलदल, जुना प्रवाह किंवा खाण दिसते. जागेवर पदपथ खचलेले, कुंपणाच्या भिंतीला तिरक्या भेगा, इमारत आणि आवार यांच्यामध्ये फट, ही लक्षणं बघा. इमारत खोल खांबांवर टेकलेली असते म्हणून ती खचत नाही, भोवतालचं आवार खचतं, आणि त्यातून जाणारे पाण्याचे व मैलापाण्याचे नळ तुटतात. मातीपरीक्षणाचा अहवाल मागा. त्यातली भूजलपातळी कोणत्या महिन्यात मोजली तेही बघा.

भूकंपप्रवण भागात हा प्रश्न जास्त गंभीर होतो. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरे बसले की काही काळ द्रवासारखी वागते. १९६४ साली जपानमधल्या निगाता इथे शिनानो नदीकाठच्या वसाहतीत इमारती फारशा न मोडता सबंधच्या सबंध कलल्या. २०११ साली ख्राइस्टचर्चमध्ये एव्हन नदीकाठची उपनगरं याच कारणाने राहण्याजोगी उरली नाहीत आणि सरकारने हजारो घरं विकत घेऊन रिकामी केली.

कोणता मजला घ्यावा?

वरचा, पण मजल्यापेक्षा मीटर रूम, पाण्याचा पंप, जनरेटर आणि लिफ्टचं यंत्र कुठे आहे ते आधी बघा. हे सगळं तळघरात असेल तर पुरात दहाव्या मजल्यावरचं घर कोरडं राहतं, पण वीज, पाणी आणि लिफ्टविना. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर हा तपशील देखाव्यापेक्षा मोठा आहे. तळघरातलं पार्किंग मी तरी टाळीन.

घर बघायला कधी जावं?

तीनदा जावं. धो धो पावसात एकदा, म्हणजे रस्त्यावर पाणी कुठे साचतं ते दिसेल. कामाच्या दिवशी संध्याकाळी एकदा, म्हणजे पुलावरची रांग कळेल. आणि ऐन उन्हाळ्यात एकदा, वास घ्यायला. माहितीपत्रकातले फोटो या तिन्ही वेळांचे कधीच नसतात.

सगळी वाहतूक एकाच पुलावरून जाते. नवा पूल झाला की कोंडी सुटेल ना?

काही काळ सुटेल. पूल झाला की पलीकडच्या जमिनीवर आणखी इमारती येतात आणि त्यांच्या गाड्याही त्याच पुलावर येतात. नवा पूल नुसत्या गाड्यांसाठी आहे की बस, सायकल आणि पायी चालणाऱ्यांनाही त्यावर जागा आहे, यावर तो किती वर्षं पुरेल हे ठरतं.

दोन पूल असले तरी दोन्ही पुरात एकदमच बंद होतात का, हे विचारा. एखादा उंच पूल असेल आणि त्याचा जोडरस्ता खोलगट असेल तर पूल कोरडा, पण निरुपयोगी. रुग्णालय नदीच्या कोणत्या काठाला आहे, हा प्रश्न इथे आपोआप येतो.

शाळा, दवाखाना, बाग ‘लवकरच’ होणार आहे असं सांगतात. किती विश्वास ठेवावा?

जे आज उभं आहे ते धरून चाला. नियोजन आराखड्यात आरक्षण असणं, जमीन ताब्यात येणं, निधी मंजूर होणं आणि काम सुरू होणं हे चार वेगळे टप्पे आहेत. ‘होणार’ म्हणणाऱ्याला टप्पा विचारा.

भिंतींना ओल आणि बुरशी येते. नदीमुळे का?

काही अंशी. भूजल वर असलं की तळमजल्याच्या भिंती खालून पाणी शोषतात आणि ठरावीक उंचीपर्यंत लोणा लागतो. जोत्यातला ओलरोधक थर नीट असेल तर हे होत नाही. वरच्या मजल्यावरची ओल मात्र नदीच्या माथी मारू नका. ती बहुधा गळक्या नळाची, बाहेरच्या भेगांची किंवा बंद खिडक्यांची असते.

डास नदीतूनच येतात ना?

डेंग्यू पसरवणारे नाहीत. एडिस डास साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि सहसा जन्मठिकाणापासून काहीशे मीटरपलीकडे जात नाही. उष्ण हवेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे तो तुमच्या कुंडीखालच्या ताटलीतला किंवा शेजारच्या बांधकामावरचा असतो: उघड्या टाक्या, लिफ्टचे खड्डे, स्लॅबवर साठवलेलं पाणी. उपनगर वाढत असेपर्यंत ही पैदास चालूच राहते, म्हणून आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाकण्याचा नियम बांधकामांनाही लागू करून घ्यावा.

घाण, संथ पाण्यातला क्युलेक्स डास मात्र नदीचाच. रात्री भंडावतो तो हाच.

उन्हाळ्यात नदीचा वास का येतो?

वस्ती वाढते त्या वेगाने मैलापाण्याची शुद्धीकरण केंद्रं वाढत नाहीत. उन्हाळ्यात मूळ प्रवाह आटतो आणि पात्रात सांडपाणीच उरतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. निरोगी नदीत तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असतो. २ च्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. त्यानंतर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो, सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. घरातली चांदी भराभर काळवंडत असेल किंवा एसीच्या तांब्याच्या नळ्या वारंवार गळत असतील तर कारण तेच असू शकतं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे मरून वर आले तर कुणी विष टाकलं असं लगेच म्हणू नका. नाल्यांत महिनोन्महिने साचलेली घाण एकदम पात्रात येते आणि उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकते.

जलपर्णी काढून हा प्रश्न सुटत नाही. अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिचं खत म्हणजे आपलंच सांडपाणी.

मुलांना नदीत पोहू द्यावं का?

वाळू उपसलेल्या पात्रात नाही. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल खड्ड्यात पडतं. बंधाऱ्याच्या खालची जागा त्याहून घातक. तिथे पाणी उलटं फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. वरून ते शांत दिसतं, पट्टीचे पोहणारेही त्यात अडकतात.

पाणी चढतंय असा इशारा आला. आधी काय करायचं?

गाडी उंच जागी हलवा, ती सगळ्यात आधी. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. प्यायचं पाणी भरून ठेवा. औषधं, कागदपत्रं आणि चार्ज केलेला फोन एका पिशवीत घाला. तळमजल्यावर असाल तर संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी दाबून ठेवा. पाणी दारातून येण्याआधी तिथून वर येतं. मुख्य स्विच बंद करायचा तो हात आणि जमीन कोरडी असेपर्यंतच.

वाहत्या पाण्यात उतरू नका. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या टिकत नाहीत. ‘रोजचाच रस्ता आहे’ या भरवशावर जाऊ नये, कारण गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही हे दिसत नाही.

आणि पाणी ओसरल्यावर?

साफसफाईआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण आणि खराब झालेली प्रत्येक वस्तू. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. बुडालेल्या गाडीचं इंजिन चालू करून बघण्याचा मोह टाळा. त्याने इंजिन जातं, आणि अशा नुकसानीची भरपाई विमा कंपन्या पुष्कळदा नाकारतात. जमिनीतली टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच वापरात घ्या; तोवर पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान मिनिटभर उकळा. पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो आणि वेळेवर कळला तर औषधाला दाद देतो.

रंगकामाची घाई नको. भिंत आतून वाळायला महिने लागतात.

काठाचं सुशोभीकरण होणार आहे. आनंद मानावा की काळजी करावी?

आडवा छेद बघून ठरवा. प्रकल्पाच्या चित्रांत झाडं आणि बाकं असतात. तुम्हाला हवा तो नदीपात्राचा आडवा छेद, आधीचा आणि नंतरचा. पात्र अरुंद होत असेल तर तेवढंच पाणी जायला पातळी चढावी लागते, मग भिंतीवर कितीही वेली सोडा. पुरात बुडून पुन्हा वापरता येतील अशा पायऱ्या, गवत आणि मैदानं असतील तर उत्तम.

रहिवाशांनी एकत्र येऊन पहिलं काम कोणतं करावं?

पाण्याच्या खुणा जपणं. जर्मनीत पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळ्या वर्षांसकट कोरलेल्या आहेत. २०१३ सालची खूण १५०१ सालच्या खुणेच्या जवळ आहे. तुमच्या इमारतीच्या खांबावर रंगाने एक रेघ, तारीख आणि त्या वेळचा विसर्ग लिहायला एक दुपार पुरते. उपनगरात घरं सतत विकली जातात, भाडेकरू बदलतात, त्यामुळे पुराची आठवण राहणाऱ्यांबरोबर निघून जाते. घर विकताना अशी रेघ अडचणीची वाटते, म्हणून काही जण ती पुसायला सांगतील. पुसू नये, आणि नव्या भाडेकरूला चावी देताना ती दाखवावी.

दुसरं काम पावसाळ्याच्या महिनाभर आधी: जवळचा नाला उगमाकडून नदीपर्यंत पायी चालून बघणं, अडथळ्यांचे फोटो काढणं आणि ते ठिकाणांसह लेखी तक्रारीत देणं. तक्रारीची पोच घ्या. पुढच्या वर्षी तोच अडथळा तिथेच असेल तेव्हा ती लागते.